सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलांसाठी व्हीआर गेम बनवणाऱ्या पुण्यातल्या विद्यार्थ्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातल्या इंजिनिअरिंग आणि डिझाइन कॉलेजांमधले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि त्यांचे गाइड

नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की तुमचे फोन सुरू होतात. "मॅम, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी आम्ही व्हीआर गेम केलाय, टेस्टिंगला पेशंट मिळतील का?" आवाजात उत्साह असतो आणि कॉलेजातला प्रोजेक्टचा रिव्ह्यू आठवड्यावर आलेला असतो. व्हीआर म्हणजे आभासी जगातला खेळ, आणि तो बहुतेक वेळा एकच असतो: डोक्याला हेडसेट, दोन हातांत दोन कंट्रोलर, आणि समोरून येणारे ठोकळे फोडायचे.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला "या" म्हणायला मला आवडतं आणि या पत्रानंतरही मी "या" असंच म्हणेन. पण प्रत्येक ग्रुपला जे उभ्या उभ्या, एखाद्या मुलाचा पाय हातात धरून सांगावं लागतं, ते एकदा बसून लिहिलं तर तुमचं एक सेमिस्टर वाचेल आणि आमचे मॅटवरचे तासही.

तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर "सीपी असलेल्या मुलांसाठी" असं लिहिलेलं असतं. कुठल्या मुलांसाठी? वाढत्या मेंदूला पोटात असताना, जन्मताना किंवा त्यानंतरच्या कोवळ्या काळात इजा झाली की सीपी होतो, म्हणजे अंगाच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. इजा पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढतं, हाडं लांबतात, आणि कडक झालेले स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत. म्हणून मुलानं उंची घेतली की आईबाबा खूश होतात आणि आम्ही पोटऱ्या तपासायला घेतो. हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांना हा त्रास असतो, पण त्यातली दोन एकसारखी सापडणार नाहीत. कुणाची एकच बाजू अडलेली असते, कुणाचे दोन्ही पाय, कुणाचं मानेपासून खालचं सगळं अंग. काहींचं अंग कडक नसतंच, ते मुलाच्या मनाविरुद्ध वळत-पिळत राहतं. या मुलाला तुम्ही "कर्सर स्थिर ठेव" सांगता तेव्हा त्याच्याकडे नेमकं जे नाही तेच मागता.

रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मूल किती हिंडू-फिरू शकतं याची जीएमएफसीएस नावाची पाच पातळ्यांची वर्गवारी मांडली. आज आमच्या प्रत्येक फाइलवर तो आकडा असतो. पहिल्या पातळीवरचं मूल पळतं, जिना चढतं, फक्त वेग आणि तोल कमी पडतो. तिसऱ्या पातळीवरचं वॉकर घेऊन चालतं. पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान सावरणंही कठीण असतं. हातांच्या वापराची वर्गवारी वेगळी, तिला एमएसीएस म्हणतात. हे दोन आकडे ठरवल्याशिवाय कोडची पहिली ओळ लिहू नका. आपल्याच शहरात १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. पायाचं माप घेतल्याशिवाय त्यावर बसणारं सॉकेट बनवायला घेणारा कारागीर तिथे तुम्हाला भेटणार नाही.

आता गेम हवाच कशाला, ते सांगते. तुमच्या पीपीटीच्या दुसऱ्या स्लाइडवर "न्यूरोप्लास्टिसिटी", म्हणजे मेंदूची बदलण्याची क्षमता, असतं. ते बरोबर आहे, पण त्या स्लाइडवर अर्धीच गोष्ट असते. मेंदू बदलतो तो मुलानं स्वतः, कशासाठी तरी, पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीनं. मी त्याचा हात धरून शंभर वेळा वर नेला तर सांधा मोकळा राहील, पण हात वापरायला तो शिकणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली सीपीवरच्या उपचारांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. कुठल्या उपचाराला पुरावा आहे आणि कुठल्याला नाही, हे त्यांनी सिग्नलच्या दिव्यांच्या रंगांत मांडलं. हिरव्या दिव्यात काय आहे पाहा: मुलानं ठरवलेल्या ध्येयासाठीचा सराव, नेमक्या कामाचा सराव, दोन्ही हातांनी करायच्या कामांचा सराव, ट्रेडमिलवर चालणं, घरी करायचा कार्यक्रम. या सगळ्यांत काम मूल करतं.

आणि इथेच आमची गाडी अडते. सहा वर्षांच्या मुलाला रंगीत कोन उचलून रिंगमध्ये ठेवायला सांगा. पाचव्या वेळी ते छताकडे बघतं, दहाव्या वेळी "मम्मी, शू". गेममध्ये तेच मूल तीच हालचाल "अजून एकदा, ताई" म्हणत करतं. तुमच्या प्रोजेक्टची सगळी किंमत या "अजून एकदा"मध्ये आहे. ग्राफिक्स त्याच्या नंतर.

हे मी हवेत बोलत नाही. २००५ साली आठ वर्षांच्या, एका बाजूचा सीपी असलेल्या मुलाला आभासी खेळांचा सराव देऊन आधी आणि नंतर त्याच्या मेंदूचा फंक्शनल एमआरआय काढला गेला. अडलेला हात हलवताना आधी मेंदूच्या दोन्ही बाजू धडपडत होत्या. सरावानंतर त्या हाताच्या विरुद्ध बाजूनं, म्हणजे जिनं करायला हवं तिनं, काम हाती घेतलेलं दिसलं. मूल एकच होतं, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत, पण रस्ता दिसला. २००६ मध्ये निन्टेन्डोचा, हातातला कंट्रोलर हलवून खेळायचा "वी" (Wii) आला, आणि २००८ मध्ये ज्युडिथ डॉइच आणि सहकाऱ्यांनी हा दुकानातला गेम सीपी असलेल्या एका मुलाच्या थेरपीत वापरून त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. २०१८ सालच्या एका आढाव्यात १९ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. हाताचा वापर, तोल आणि चालणं या तिन्हींत व्हीआरचा फायदा दिसला. एकेका चाचणीत मुलं मोजकीच होती, हेही लक्षात ठेवा. आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे, दुकानातल्या तयार गेमपेक्षा मुद्दाम या कामासाठी बांधलेल्या यंत्रणांचा परिणाम जास्त दिसला.

म्हणजे जागा तुमच्यासाठी रिकामी आहे. मग मी कुरकुर का करते?

पहिलं, तो हेडसेट. त्याचं वजन अर्धा किलो भरतं. ज्याची मान दहा मिनिटांत दमते त्याच्या कपाळावर अर्धा किलो लटकवून त्याच्याकडून हाताचा व्यायाम करून घ्यायचा, हा कुठला न्याय? लेन्समधलं अंतर मोठ्यांच्या डोळ्यांसाठी ठरवलेलं असतं. आमच्या बऱ्याच मुलांना तिरळेपणा असतो, चारातल्या एकाला फिट्सचा त्रास असतो. मेटानं आपल्या हेडसेटची वयोमर्यादा २०२३ साली १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या अकाउंटवर. आणि आम्हाला मुलं हवी असतात ती दोन-चार वर्षांची, कारण लहान वयात मेंदू जास्त लवचिक असतो. शिवाय हेडसेट घातला की मला मुलाचा चेहरा दिसत नाही. दमलं, घाबरलं, मळमळतंय, हे मी चेहऱ्यावरून ओळखते. लाळ गळते, ती प्रत्येक मुलानंतर कोण आणि कशानं पुसणार, हा प्रश्न एकाही रिपोर्टमध्ये मी वाचलेला नाही.

हेडसेट कायमचा बाद आहे असं नाही. चालत्या-फिरत्या, बारा-चौदा वर्षांच्या मुलांना रस्ता ओलांडायचा सराव द्यायचा असेल तर तो उत्तम. अलका टॉकीजचा चौक संध्याकाळी सातचा बनवा. (सीपी नसलेल्या पुणेकरांनाही तो सराव लागेल, पण तो वेगळा प्रोजेक्ट.) बाकी सगळ्यांसाठी एक टीव्ही, समोर कॅमेरा, आणि मूल आपल्या खुर्चीत किंवा स्टँडिंग फ्रेममध्ये. यालाही व्हीआरच म्हणतात. वर सांगितलेल्या चाचण्यांमधल्या बऱ्याच अशाच पडद्यावरच्या खेळांच्या आहेत. तुमच्या गाइडना ते "इनोव्हेटिव्ह" वाटणार नाही, याची मला कल्पना आहे. गाइड मंडळींनो, वाटू द्या की.

दुसरं म्हणजे कॅमेरा काय बघतो. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा हालचाल टिपणारा कॅमेरा २०१० मध्ये आला तेव्हा आम्ही फार आनंदलो होतो: हातात काही धरायचं नाही, नुसतं अंग हलवायचं. पण मुलाच्या मागे कंबर धरून थेरपिस्ट बसली की तो तिलाच दुसरा खेळाडू समजायचा. २०१७ मध्ये कंपनीनं त्याचं उत्पादन बंद केलं. आज तुम्ही मोबाइलच्या कॅमेऱ्यावर मीडियापाइप हा हालचाल ओळखणारा प्रोग्राम चालवता, त्याला अंगावरचे ३३ बिंदू कळतात, छान आहे. पण तुम्ही तो स्वतःवर टेस्ट करता. हॉस्टेलच्या खोलीत, सरळ उभं राहून. आमच्याकडे मूल खुर्चीत आहे, पुढे ट्रे आहे, पायांत स्प्लिंट आहेत आणि काखेखालून आईचे दोन हात आलेत. चार हातांतले मुलाचे कुठले हे तुमच्या प्रोग्रामला कळायला हवं. कळत नसेल तर "मदतनीस मागे आहे" असं एक बटण तरी द्या.

तिसरं, आणि हे मी कितीदा सांगितलं तरी कमी: मुलं हुशार असतात. वीवरचं टेनिस मनगटाच्या नुसत्या झटक्यानं जिंकता येतं, हे मुलांना आमच्या आधी कळलं होतं. खांदा वर न्यायचा असेल तर मूल खांदा नेत नाही, कमरेतून अख्खं वाकतं आणि फुगा फोडतं. स्क्रीनवर शंभरपैकी शंभर, माझ्या दृष्टीनं शून्य. चुकीची हालचाल शंभर वेळा केली तर मेंदू तीही तितक्याच इमानानं शिकतो. म्हणून फुग्यापर्यंत हात पोचला की नाही एवढंच पाहू नका. धड किती कललं, कोपर सरळ झालं का, कुठल्या बाजूचा हात आला, हे पाहा आणि मगच फुगा फोडा. इतकी एक गोष्ट नीट केलीत तरी बाजारातल्या गेमच्या पुढे जाल.

आवाजाचं बोलते. ठोकळा चुकला की तुमचा गेम "धाड्" असा आवाज करतो. कडकपणा असलेली कितीतरी मुलं अचानक आवाजानं दचकतात, आणि दचकली की अख्खं अंग लाकडासारखं ताठ होतं. अर्ध्या तासाची मेहनत त्या एका आवाजात वाया जाते. चुकल्यावर गप्प बसा. वेळही द्या: हात उचलायचं ठरवणं आणि हात उचलला जाणं यांत आमच्या मुलाला दोन-तीन सेकंद लागू शकतात. तुमचा ठोकळा तेवढ्यात निघून जातो. सुरुवातीला मुलाचा हात कुठवर जातो ते मोजून लक्ष्य त्याच्या किंचित पलीकडे ठेवा, आणि ते अंतर बदलायची किल्ली थेरपिस्टच्या हातात द्या. सेटिंग बदलायला लॅपटॉपवर कोड उघडावा लागत असेल तर तुम्ही गेल्यानंतर ते कधीच बदललं जाणार नाही.

आणि खेळ कसले? बर्फावरून घसरणं, बोलिंग, ड्रॅगन. आमच्याकडे येणारं मूल धायरीचं असतं, नाहीतर मंचर, दौंड, वेल्ह्याचं. त्याला बर्फ फ्रीजमधला माहीत. त्याला पतंग द्या, मांजा ओढायला दोन्ही हात लागतात. आईला पोळ्या करताना बघून त्याला लाटणं हवं असतं, ते द्या: लाटण्याला दोन्ही हातांचा सारखा जोर लागतो, एक हात कमी पडला तर पोळी वाकडी. आणि ढोल तर द्याच. आपल्या शहरात राहून ढोल कुणालाच कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटतं. पथकातला ढोल बघा: एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. दोन्ही हातांची कामं वेगळी आणि ताल एक. एका बाजूचा सीपी असलेल्या मुलाकडून आम्हाला नेमकं हेच हवं असतं, की चांगल्या हातानं एक करावं आणि त्याच वेळी अडलेल्या हातानं दुसरं. थापीसाठी तळवा उघडावा लागतो, मनगट वर यावं लागतं. ही एक हालचाल मिळवायला आम्ही स्प्लिंट देतो, कडक स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शननंतर महिनोन्महिने मागे लागतो. टिपरू धरायची मूठ कमकुवत असेल तर ते पट्ट्यानं बांधता येईल. हात बदलून खेळ उलटा करता येईल. ताल हळू सुरू करून वाढवता येईल. श्रावण लागला की नदीकाठी पथकांचा सराव ऐकत मूल घरी जातं, दुसऱ्या दिवशी येऊन स्क्रीनवर तेच वाजवतं. त्याला "व्यायाम कर" म्हणायला लागणार नाही. सूचनाही मराठीत रेकॉर्ड करा, आणि ट्रेनच्या घोषणेच्या आवाजात नको. तुमच्यातल्याच कुणाच्या तरी ताईच्या किंवा आजीच्या आवाजात करा. बारा वर्षांच्या मुलाला मात्र "शाब्बास बाळा" म्हणू नका, तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

घरचा विचार करा. आठवड्यातून दोनदा-तीनदा पाऊण तास, यापलीकडे बहुतेक मुलांना थेरपिस्ट मिळत नाही. लांबून एसटीनं येणाऱ्यांना तेवढीही मिळत नाही. म्हणून गेम जुन्या अँड्रॉइड फोनवर, नेट नसताना, घरच्या टीव्हीला जोडून चालला पाहिजे. दहा मिनिटांचा डाव पुरे. शेवटी एक साधी नोंद हवी: कुठल्या हातानं किती वेळा, किती उंच. आई ती फोनवर मला दाखवेल, आणि मला पुढचा आठवडा ठरवता येईल. रोजच्या जगण्यात काही उतरलं का, हा प्रश्न तुमच्या ग्राफपेक्षा मोठा आहे. स्कोअर वाढला आणि शर्टाचं बटण अजून आईच लावते, तर आपण गेम खेळायला शिकवला, एवढंच.

मुलांचे व्हिडिओ हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठराखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधनासाठी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचं स्वतःचं "हो"सुद्धा. कॅमेऱ्याचं चित्र फोनच्या बाहेर जाऊ देऊ नका. आणि लिंक्डइनवर आमच्या मुलांचे चेहरे नकोत. मागे एका ग्रुपनं टाकले होते. आईनं ते नातेवाइकांकडून पाहिले. त्या आईला मी काय सांगितलं असेल ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता गाइडशी दोन शब्द. सर, मॅडम, जूनमध्ये बॅच निघून जाते आणि तिच्याबरोबर प्रोजेक्ट मरतो. पुढच्या वर्षी नवीन बॅच पहिल्यापासून तेच ठोकळे फोडते. हाच प्रोजेक्ट चार-पाच बॅचना पुढे पुढे का देता येत नाही? पहिल्या बॅचनं नुसतं बघावं आणि कॅमेऱ्याचा भाग नीट करावा. दुसरीनं ढोल. तिसरीनं घरची आवृत्ती. कोड सगळ्यांना खुला. एक बॅच तर फक्त जुन्या बॅचच्या चुका दुरुस्त करण्यासाठी असावी आणि तिला पूर्ण मार्क मिळावेत. "नॉव्हेल्टी"चे मार्क कमी करा, ही विनंती विद्यापीठापर्यंत पोचवाल तर फारच उपकार होतील. पैशांचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २८ सरकारवरच पुनर्वसनाच्या संशोधनाची जबाबदारी टाकतं, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखायचा पाच टक्के निधी आहे. अर्ज करताना मात्र उपकरणांच्या रकमेच्या वर थेरपिस्टच्या पगाराची ओळ घाला. गेम चालू करायला, मुलाला नीट बसवायला, कंबर धरायला माणूस लागतो. तो नसेल तर टीव्ही उद्घाटनानंतर कपाटात जातो. कंपन्यांच्या सीएसआर निधीवाल्यांनाही मी हेच सांगते आणि ते पुढच्या मीटिंगला मला बोलवत नाहीत.

तर या. पण मार्चमध्ये व्हिडिओ काढायला येऊ नका, जुलैमध्ये विषय ठरायच्या आधी या. लॅपटॉप बॅगेतच राहू दे. एक सकाळ कोपऱ्यात बसून नुसतं बघा, दुपारी पालकांशी बोला, आणि मग एकच मूल निवडा आणि त्याला काय करायचंय ते त्यालाच विचारा. बोलता येत नसेल तर त्याच्याकडे चित्रांचा तक्ता असतो, तो कसा वापरायचा ते आई दाखवेल. बूट बाहेर काढायचे असतात आणि मॅटवर मांडी घालून बसावं लागतं, तेव्हा कपडे त्या हिशोबानं घाला. एका ग्रुपमध्ये चारच्या वर नको, खोली लहान आहे.

आपली,
एक बाल-फिजिओथेरपिस्ट, पुणे